रक्तातला आकडा नेमकं काय सांगतो?

(युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'त्यांच्या रक्तातच आहे ते' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कधी ते कौतुकानं म्हटलं जातं, कधी टोमणा म्हणून. कधी एका माणसाबद्दल, तर कधी एका अख्ख्या समाजाबद्दल. असं बोलणाऱ्याला आजवर प्रयोगशाळेची गरज पडलेली नाही. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रक्तातल्या पेशींमध्ये कोणतं जनुक किती कामाला लागलं आहे, हे मोजणारी यंत्रं आली आहेत. त्यामुळे तेच जुनं वाक्य आता आकडे आणि आलेख घेऊन येऊ शकतं. आकडा समोर आला की आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतात. 'विज्ञानानं सांगितलंय' म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

पुढे बोलता यावं, यासाठी आजचा विषय. रक्ताच्या नमुन्यात जनुकांचं काम कसं मोजतात, त्यातून काय कळतं आणि मोजणारा कुठे फसू शकतो, हे मी सांगणार आहे. तुमच्यातले काही सायन्सचे आहेत, काही कॉमर्सचे, काही आर्ट्सचे. कुणालाच जड जाणार नाही अशा पद्धतीनं सांगण्याचा प्रयत्न करते.

वही आणि चिठ्ठ्या

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो, आणि तो सगळीकडे जवळपास सारखाच असतो. डोळ्यातल्या पेशीत, यकृतातल्या पेशीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशीत तीच एक वही. या वहीत प्रथिनं तयार करण्याच्या साधारण २०,००० पाककृती आहेत. त्यांना आपण जनुकं म्हणतो.

आता घरात पाककृतींची वही आहे म्हणून रोज सगळेच पदार्थ होत नाहीत. ईदला शीरखुर्मा होतो, कुणी आजारी असेल तर मऊ खिचडी होते, एरवी डाळ-भात आणि सालन. पेशीतही तसंच आहे. मूळ वही कपाटात जपून ठेवलेली असते. जी पाककृती हवी, तिची चिठ्ठी उतरवून घेतली जाते आणि ती स्वयंपाकघरात जाते. ही चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. एखाद्या प्रथिनाची गरज वाढली, तर त्याच्या चिठ्ठ्या सहसा जास्त निघतात. गरज संपली की जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या जातात. एखाद्या जनुकाच्या किती चिठ्ठ्या आत्ता पेशीत आहेत हे मोजणं, म्हणजेच जनुक अभिव्यक्ती मोजणं.

इथे एक फरक मनात पक्का करा. वही जन्मभर जवळपास तीच राहते. चिठ्ठ्या तासातासाला बदलतात. 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्याच्या डोक्यात वही असते, म्हणजे जन्मानं मिळालेलं, न बदलणारं काहीतरी. आज आपण ज्या मोजणीबद्दल बोलतोय, ती चिठ्ठ्यांची मोजणी आहे.

रक्तच का?

फुप्फुसाचा आजार समजून घ्यायला फुप्फुसाचा तुकडा काढणं सोपं नाही. मेंदूचा तर विचारच नको. रक्त मात्र दंडाला पट्टी बांधून दोन मिनिटांत मिळतं. शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीरभर गस्त घालत असतात. कुठे जंतू शिरला, कुठे सूज आली, की त्यांच्या चिठ्ठ्या बदलतात. म्हणून आत काय चाललंय याची खबर रक्तात मिळू शकते.

पण रक्त हे एकच एक द्रव्य नाही. एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबाच्याही लहानशा भागात, साधारण ४५ ते ५० लाख लाल पेशी असतात आणि पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,०००. लाल पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्या नव्या चिठ्ठ्या लिहू शकत नाहीत. पण नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन बनवण्याच्या जुन्या चिठ्ठ्या शिल्लक असतात. पूर्ण रक्तातल्या एकूण चिठ्ठ्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत चिठ्ठ्या या एकट्या हिमोग्लोबिनच्या असू शकतात. आपल्याला ऐकायची असते पांढऱ्या पेशींची कुजबुज, आणि हिमोग्लोबिनचा लाउडस्पीकर चालू असतो. म्हणून अनेक प्रयोगांमध्ये या चिठ्ठ्या आधी वेगळ्या काढून टाकाव्या लागतात.

पांढऱ्या पेशींमध्येही प्रकार आहेत. सीबीसीच्या रिपोर्टवर तुम्ही न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट ही नावं वाचली असतील. प्रत्येक प्रकाराच्या चिठ्ठ्या वेगळ्या. समजा, एखाद्या तापात न्यूट्रोफिलची संख्या दुप्पट झाली. मग न्यूट्रोफिलमध्ये नेहमी चालू असणारी सगळी जनुकं रक्तात 'वाढलेली' दिसतील. प्रत्यक्षात एकाही पेशीनं आपलं काम बदललेलं नसेल. गल्लीत वरात आली की आवाज वाढतो. पण म्हणून गल्लीतले लोक मोठ्यानं बोलायला लागले, असा निष्कर्ष आपण काढत नाही. माणसं वाढली म्हणून आवाज वाढला. रक्तातही हा भेद करावा लागतो, आणि त्यासाठी त्याच नमुन्याची पेशीगणना हाताशी असावी लागते.

शिरेपासून यंत्रापर्यंत

रक्त शरीराबाहेर आलं म्हणजे ते गोठलेल्या फोटोसारखं थांबलं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ट्यूबमध्ये पांढऱ्या पेशी काही काळ जिवंतच असतात. त्यांना अचानक वेगळी जागा मिळालेली असते, वेगळं तापमान असतं, काचेचा किंवा प्लास्टिकचा स्पर्श असतो, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन असतं. त्या घाबरतात म्हणा हवं तर. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त काही तास तसंच ठेवलं, तर ताण आणि सूज यांच्याशी संबंधित काही जनुकांच्या चिठ्ठ्या भराभर वाढतात आणि इतर काहींच्या कमी होतात. हा बदल माणसाच्या शरीरात झालेला नसतो, तो ट्यूबमध्ये झालेला असतो. पण यंत्राला तो फरक कळत नाही.

शिवाय आरएनए फार नाजूक. त्याला तोडणारी विकरं आपल्या त्वचेवर, घामात, टेबलावर, सगळीकडे असतात आणि ती उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाहीत. म्हणून आरएनएचं काम करणारी माणसं हातमोजे सारखे बदलताना दिसतात.

यावर उपाय म्हणून खास ट्यूब निघाल्या. पॅक्सजीन नावाची ट्यूब त्यात बरीच वापरली जाते. तिच्यात आधीच एक द्रव भरलेलं असतं. त्यात अडीच मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि ट्यूब लगेच हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. पेशी फुटतात, आरएनएला संरक्षण मिळतं आणि नव्या चिठ्ठ्या लिहिणं थांबतं. अशी ट्यूब खोलीच्या तापमानाला तीन दिवस आणि फ्रिजमध्ये पाच दिवस टिकते. त्याहून जास्त ठेवायची तर गोठवावी लागते. ट्यूब उलटसुलट करायची राहून गेली, की पेशी वरच्या वर राहतात आणि द्रव खालच्या खाली. मग कितीही महागडं यंत्र असू द्या, जे बिघडलं ते बिघडलं.

हे सगळं मी एवढ्या तपशिलात सांगतेय, कारण वर्तमानपत्रात बातमी येते ती शेवटच्या यंत्राची. पण आकडा खरा निघणार की खोटा, हे बऱ्याचदा रक्त घेणाऱ्या माणसाच्या हातात आणि त्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत ठरतं.

मोजतात कसं?

कोविडच्या काळात 'सीटी व्हॅल्यू' हा शब्द घराघरात पोचला होता. अमक्याची सीटी वीस आली, तमक्याची तीस. ज्या आरटी-पीसीआर तंत्रानं तेव्हा नाका-घशातल्या विषाणूचा आरएनए शोधला जायचा, त्याच तंत्रानं आपल्या स्वतःच्या जनुकांच्या चिठ्ठ्याही मोजता येतात.

यात दोन टप्पे आहेत. आधी आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करायची. हे करणारं विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधलं आणि १९७५ चं नोबेल त्यांना मिळालं. दुसरा टप्पा म्हणजे त्या डीएनएच्या प्रती फेरीफेरीनं दुप्पट करत जायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रतींचा उजेड यंत्राला दिसेल इतका वाढायला किती फेऱ्या लागल्या, तो आकडा म्हणजे सीटी. मुळात चिठ्ठ्या जास्त असतील तर कमी फेऱ्या लागतात. म्हणून सीटी कमी असेल तर माल जास्त. एका फेरीचा फरक म्हणजे साधारण दुपटीचा फरक, आणि तीनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या म्हणजे दहापट.

पण नुसत्या सीटीला अर्थ नसतो. एका ट्यूबमधून आरएनए जास्त निघालं, दुसरीतून कमी, तर आकडे आपोआप बदलणार. म्हणून प्रत्येक नमुन्यात एखादं 'स्थिर' जनुक सोबत मोजतात आणि त्याच्याशी तुलना करतात. वजनकाट्याच्या दुसऱ्या पारड्यात ठेवलेलं माप, असं समजा. अडचण अशी की ज्यांना वर्षानुवर्षं स्थिर मानलं गेलं, अशी काही जनुकं आजारपणात आणि औषधांनी हलतात. मापच हलकं-जड होत असेल, तर वजन कसलं? म्हणून २००९ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी नियमावली प्रसिद्ध केली. कोणतं माप वापरलं, ते या नमुन्यांत स्थिर आहे हे कसं तपासलं, आरएनएचा दर्जा काय होता, हे सगळं शोधनिबंधात लिहावं, असं तिच्यात सांगितलं आहे.

पीसीआरनं मोजकी जनुकं मोजता येतात. १९९५ च्या सुमारास मायक्रोअॅरे आली. एका छोट्या काचपट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला किती आरएनए चिकटला हे एकदम मोजायचं. २००८ पासून आरएनए सिक्वेन्सिंगचा वापर वाढला. त्यात चिठ्ठ्या अक्षरशः वाचल्या आणि मोजल्या जातात. एका वेळी २०,००० आकडे हातात येतात. २०,००० आकड्यांत योगायोगानंही शेकडो फरक दिसतात. त्यामुळे काळजी कमी लागत नाही, उलट जास्त लागते.

निरोगी माणसंही सारखी नसतात

२००३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७५ निरोगी स्वयंसेवकांचं रक्त मायक्रोअॅरेवर तपासलं. आजारी कुणीच नव्हतं. तरी फरक भरपूर निघाले. काही फरक पेशींच्या प्रमाणामुळे होते. काही स्त्री-पुरुष असण्याशी, काही वयाशी जोडलेले होते. आणि काही फरक रक्त दिवसाच्या कोणत्या वेळी घेतलं, यावर अवलंबून होते.

दुसरं उदाहरण झोपेचं. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ जणांना एक आठवडा कमी झोपू दिलं, सरासरी पावणेसहा तासांच्या आसपास, आणि दुसऱ्या वेळी पुरेशी झोप दिली. कमी झोपेच्या आठवड्यानंतर त्यांच्या रक्तात ७११ जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. माणसं तीच, वही तीच. फक्त एका आठवड्याची झोप.

आता हे आपल्या जगण्याला लावून बघा. नाइट शिफ्ट करणारा पोरगा, परीक्षेच्या आधी जागणारी मुलगी, रमजानमध्ये सहरीसाठी उठणारं घर. या सगळ्यांचं सकाळी दहाचं रक्त म्हणजे शरीराच्या घड्याळाप्रमाणे सारख्याच वेळेचं रक्त असेलच असं नाही. म्हणून चांगल्या अभ्यासात रक्ताबरोबर हेही लिहून घेतात: किती वाजता घेतलं, उपाशीपोटी होतं का, रात्री झोप किती झाली, कोणती औषधं चालू आहेत, गेल्या आठवड्यात सर्दी-ताप होता का. हे लिहिलेलं नसेल, तर झोपेचा फरक उद्या जातीचा, धर्माचा किंवा वंशाचा फरक म्हणून छापला जाऊ शकतो.

ही भीती काल्पनिक नाही. जवळपास असंच एकदा घडलं आहे.

२००७ ची गोष्ट

२००७ च्या सुरुवातीला 'नेचर जेनेटिक्स' या नामांकित नियतकालिकात एक शोधनिबंध आला. संशोधक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे, रिचर्ड स्पीलमन, व्हिव्हियन चेउंग आणि त्यांचे सहकारी. त्यांनी सुमारे १४० लोकांच्या पेशी घेतल्या. एक गट अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या, मूळ युरोपीय वंशाच्या लोकांचा. दुसरा गट बीजिंगमधल्या चिनी आणि टोकियोमधल्या जपानी लोकांचा. या पेशी रक्तातल्या बी-लिम्फोसाइटपासून तयार करून प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या.

त्यांनी तपासलेल्या ४,१९७ जनुकांपैकी १,०९७ जनुकांची अभिव्यक्ती युरोपीय आणि आशियाई गटांत वेगळी आढळली. म्हणजे साधारण २६ टक्के, चारात एक. अशी बातमी कशी वाचली जाईल याची कल्पना तुम्ही करू शकता.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जोशुआ एकी, जेफ्री लीक, जॉन स्टोरी आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. हे नमुने यंत्रावर कधी लावले होते? तारखा आकड्यांच्या फायलींतच होत्या. युरोपीय गटाचे नमुने प्रामुख्यानं २००३ आणि २००४ मध्ये मोजले गेले होते. आशियाई गटाचे सगळे २००५ आणि २००६ मध्ये.

याचा अर्थ समजून घेऊ. समजा, दोन शाळा आहेत. एका शाळेचे सगळे पेपर एका मास्तरांनी तपासले, दुसऱ्या शाळेचे सगळे पेपर दोन वर्षांनी दुसऱ्या मास्तरांनी. दुसऱ्या शाळेला सरासरी दहा गुण कमी पडले. मुलं कच्ची होती, की मास्तर कडक होते? हे सांगता येत नाही. कितीही हुशार गणिती आणा, या पेपरांवरून सांगता येणारच नाही, कारण शाळा आणि मास्तर एकमेकांना चिकटलेले आहेत. मायक्रोअॅरेच्या बाबतीत रसायनांची बाटली बदलते, काचपट्टीची खेप बदलते, काम करणारा हात बदलतो, खोलीतली हवा बदलते. या सगळ्याचा ठसा हजारो जनुकांच्या आकड्यांवर उमटतो. याच नोंदींतल्या एकट्या युरोपीय गटातले नमुने वर्षांप्रमाणे वेगळे करून पाहिले, तरी शेकडो जनुकं 'वेगळी' दिसतात. माणसं त्याच समाजातली, फरक फक्त मोजणीच्या वर्षाचा.

मूळ संशोधकांना खोटारडं ठरवायचं कारण नाही. काही मोजक्या जनुकांबाबत त्यांच्याकडे वेगळा पुरावाही होता. त्या जनुकांजवळच्या डीएनएमध्येच फरक आहे, असं त्यांनी दाखवलं होतं, आणि तसे फरक माणसामाणसांत असतातच. पण 'चारात एक जनुक वेगळं' हा मोठा आकडा समाजांबद्दल बोलतोय की तारखांबद्दल, हे त्या मांडणीतून कळणं शक्य नव्हतं.

या चुकीवरचा उपाय महागडा नाही. दोन्ही गटांचे नमुने आलटूनपालटून, एकाच दिवशी, एकाच खेपेत लावायचे. कुठला नमुना कुणाचा, हे यंत्र चालवणाऱ्याला सांगायचं नाही. पेपर मिसळून दोन्ही मास्तरांना वाटायचे, एवढंच.

आणखी एक जुना आकडा याच्या शेजारी ठेवते. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी जगभरच्या लोकांचे रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं यांतली विविधता मोजली. म्हणजे त्यांनी चिठ्ठ्यांऐवजी वहीतले फरक पाहिले. त्यांच्या हिशोबात एकूण विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच समूहातल्या माणसांमध्ये निघाली. शेजारच्या घरात राहणारा, आपल्याच बिरादरीतला माणूस आपल्यापेक्षा जितका वेगळा असतो, त्यात थोडीच भर पडते ती दूरच्या समाजाकडे बघितल्यावर.

क्षयाची कहाणी: आशा आणि मर्यादा

आता तुम्ही म्हणाल, मोजणीत इतक्या भानगडी असतील, तर ती करायचीच कशाला? करायची, कारण नीट केली तर ती जीव वाचवायला उपयोगी पडू शकते. आपल्या अगदी जवळचं उदाहरण टीबीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालांनुसार जगातल्या दर चार नव्या टीबी रुग्णांमागे साधारण एक भारतात असतो. दाट वस्ती, छोटी खोली, बंद खिडकी, पॉवरलूमची किंवा झरीकामाची कोंदट जागा, यांच्याशी या आजाराचं नातं तुम्हाला सांगायला नको.

टीबीची तपासणी मुख्यतः थुंकीवर होते. पण लहान मुलांना खाकरून थुंकी काढता येत नाही. काही मोठ्यांनाही येत नाही, आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत तर थुंकीचा फारसा उपयोगच नसतो. रक्तावरून कळलं तर?

२०१० मध्ये 'नेचर'मध्ये अॅन ओगारा आणि सहकाऱ्यांचं काम प्रसिद्ध झालं. लंडन आणि केप टाउनमधल्या रुग्णांच्या रक्तात त्यांना ३९३ चिठ्ठ्यांची एक खूण सापडली. तिच्यात न्यूट्रोफिल आणि इंटरफेरॉन या यंत्रणेचा मोठा वाटा होता, आणि उपचार सुरू झाल्यावर ती खूण ओसरत जात होती. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सहा हजारांहून जास्त किशोरवयीन मुलामुलींच्या अभ्यासातून १६ जनुकांची खूण निघाली. आजाराचं निदान होण्याआधीच्या एका वर्षात ती सुमारे दोन-तृतीयांश जणांमध्ये धोक्याची सूचना देत होती. त्याच वर्षी दुसऱ्या गटानं फक्त तीन जनुकांवर, जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२ यांवर, आधारलेला गुणांक मांडला. पुढे या वाटेनं बोटाला सुई टोचून मिळालेल्या रक्तावर तासाभरात उत्तर देणारी कार्ट्रिज तयार झाली. सरकारी दवाखान्यात ज्याला आपण 'सीबीनॅट' म्हणतो, त्याच जातीच्या मशीनमध्ये ती चालते.

मग अडचण कुठे आली? इंटरफेरॉनची जनुकं टीबीत वाढतात, तशी साध्या विषाणूच्या सर्दी-तापातही वाढतात. त्यामुळे काही जणांना टीबी नसताना धोक्याचा दिवा लागतो. दक्षिण आफ्रिकेतच पुढे ११ जनुकांच्या चाचणीवर मोठी चाचपणी झाली. रक्तात खूण दिसलेल्या काही जणांना प्रतिबंधक औषधं दिली. २०२१ मध्ये निकाल आला: त्या औषधांनी त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण कमी झालं नाही. खूण धोका ओळखत होती, पण तिच्या भरवशावर दिलेलं औषध उपयोगी ठरलं नाही. निराश करणारा निकाल त्यांनी लपवला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यात आपल्यासाठी एक प्रश्न आहे. लंडन आणि केप टाउनच्या रक्तावर बेतलेलं माप भिवंडीच्या, मालेगावच्या, गोवंडीच्या माणसाला जसंच्या तसं लागू पडेल का? इथे कुपोषण आहे, मधुमेह आहे, जंत आहेत, सतत येणारे ताप आहेत. या प्रत्येकाचा पांढऱ्या पेशींवर परिणाम होतो. म्हणून माप इथे पुन्हा तपासावं लागतं. जनुक अभिव्यक्तीचे जगातले मोठे संग्रहही एकांगी आहेत. अमेरिकेतला जीटेक्स हा प्रसिद्ध संग्रह घ्या. २०२० च्या त्याच्या आवृत्तीत ८३८ दात्यांचे नमुने होते आणि त्यातले सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे होते. आपल्याकडे जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचा डीएनए वाचला गेला, ही चांगली गोष्ट आहे. पण ती वही आहे. आजारपणात, उपासमारीत, धुरात राहणाऱ्या माणसाच्या चिठ्ठ्या मोजण्याचं काम वेगळं आहे आणि ते पुष्कळ बाकी आहे.

बघा, इथे दोन धोके समोरासमोर उभे आहेत. समाजाच्या नावानं घाईघाईत फरक शोधला, तर २००७ सारखं होतं. आणि आपलं रक्त मोजलंच गेलं नाही, तर औषधं आणि चाचण्या दुसऱ्यांच्या मापानं बेतल्या जातात. यातून वाट एकच. मोजणीत सामील व्हायचं, आणि मोजणी नीट होतेय का हे विचारायचं.

काय विचारायचं?

पुढच्या वेळी 'रक्तातून सिद्ध झालं' अशी बातमी किंवा फॉरवर्ड आला, तर पाच प्रश्न विचारा.

एक, मोजलं काय? वही की चिठ्ठ्या?

दोन, रक्त कसं आणि कधी घेतलं? कोणत्या ट्यूबमध्ये, किती वेळ ठेवलं, दिवसाच्या कोणत्या वेळी?

तीन, पेशींचं प्रमाण मोजलं होतं का? की वरातीचा आवाज ऐकून गल्लीबद्दल बोलताय?

चार, दोन्ही गट एकाच वेळी, मिसळून मोजले होते का?

पाच, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या लोकांवर, दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच उत्तर आलं का?

हे प्रश्न विचारायला पीएचडी लागत नाही. एकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला पहिला प्रश्नही साधाच होता: तारीख काय?

आणि उद्या कुणी संशोधनासाठी तुमचं किंवा घरातल्या कुणाचं रक्त मागितलं, तर घाबरून नकार देऊ नका आणि न वाचता सहीही करू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. नमुन्याचं पुढे काय होणार, हे सांगितलं गेलं पाहिजे. आणि मधेच माघार घेण्याचा हक्क आपल्याला आहे. अम्मीला उर्दू वाचता येत असेल आणि कागद इंग्रजीत असेल, तर समजावून सांगायला लावा. तो उपकार नाही, तो तुमचा अधिकार आहे.

शेवटचं. या क्षेत्रात माणसं हवी आहेत. फक्त शास्त्रज्ञच हवेत असं नाही. रक्त नीट घेणारे तंत्रज्ञ हवेत, आकड्यांचा हिशोब करणारे संख्याशास्त्राचे विद्यार्थी हवेत, वस्तीत जाऊन लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारे कार्यकर्ते हवेत. तुमच्यातल्या ज्यांनी बारावीनंतर काय करायचं हे ठरवलेलं नाही, त्यांनी डीएमएलटी, जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र ही नावं मनात ठेवा. आपल्या रक्ताबद्दल कोण काय बोलतंय यावर रागावण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण ट्यूब हातात धरणारे, तारीख लिहिणारे आणि आकडा तपासणारे हात आपल्यातूनही आले, तर बोलणं जास्त सोपं होईल.

तुमचे प्रश्न ऐकायला आवडेल.